बंदर घाटाखाली, पेठ घाटमाथ्यावर

बेळगावातून पश्चिमेला निघणाऱ्या रस्त्याला आजही वेंगुर्ला रोड म्हणतात. हिंडलगा, सुळगा, बाची ही गावं मागे टाकत तो पंधराएक किलोमीटरवर शिनोळीला महाराष्ट्रात शिरतो, चंदगड तालुका ओलांडतो, आंबोलीचा घाट उतरतो आणि थेट समुद्रावर जाऊन थांबतो. रेल्वे येण्याआधी बेळगावच्या बाजारात मीठ, नारळ आणि कॅम्पातल्या साहेबलोकांसाठी विलायती माल यायचा तो वेंगुर्ल्याच्या बंदरातून. घाटावरचा कापूस त्याच वाटेनं खाली उतरायचा. बंदर समुद्रावर आणि त्याची पेठ जवळजवळ अडीच हजार फूट उंचीवर, अशी ही जोडी होती.

मराठी माणसाला बेळगाव माहीत असतं ते बहुधा दोन कारणांनी. एक सीमाप्रश्न, दुसरं गोव्याला जाताना घेतलेला कुंद्याचा डबा. पहिल्यामुळे शहराचं नाव सतत कानावर पडतं, दुसऱ्यामुळे गाडी अर्धा तास थांबते. पण आठशे वर्षं नांदत असलेली ही पेठ डोळ्यांखालून जायची राहून जाते. ती पाहायची तर पायी हिंडायला हवं, दुसरा उपाय नाही. जुन्या बेळगावच्या गल्ल्या गाडीसाठी बांधलेल्याच नाहीत. चारचाकी आत घातली की सगळं लक्ष पार्किंगकडे जातं आणि डोक्यावरच्या लाकडी सज्ज्यांकडे मान वळत नाही.

बंदरांची शहरं पायी पाहायची रीत जगात चांगली रुळली आहे. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये रस्त्यावर लाल पट्टा ओढलेला आहे. तो पकडून अडीच मैल चालत गेलं की स्वातंत्र्यलढ्याशी नातं असलेली सोळा ठिकाणं एकामागून एक येतात. वाटाड्या लागत नाही, तिकीट काढून बसमध्ये बसावं लागत नाही. मुंबईच्या फोर्ट भागातही हातात नकाशा घेऊन आपलं आपण हिंडणारे पुष्कळ दिसतात. बेळगावात असा पट्टा नाही, पण गल्ल्यांची नावं आहेत आणि ती पट्ट्याचं काम चोख करतात. काकतीवेस, गोवावेस, बोगारवेस ही नावं नुसती वाचली तरी शहराची तोंडं कुठे कुठे होती ते समजतं. काकतीवेशीतून वाट काकतीकडे जाते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं हे जन्मगाव. गोवावेशीतून वाट कुठे जायची, हे सांगायला नको.

सुरुवात किल्ल्यापासून करावी, तीही सकाळी. सेंट्रल बस स्टँड, म्हणजे इथल्या बोलीत सीबीटी, किल्ल्याला लागूनच आहे. किल्ला तलावाकाठी ११० मीटर उंचीच्या खांबावर तिरंगा आहे. तो लांबून दिसतो आणि दिशा चुकू देत नाही. किल्ला डोंगरी नाही. सपाटीवर लांबट गोल आकाराची तटबंदी आणि तिच्याभोवती रुंद, खोल खंदक. सह्याद्रीतले गड पाहून आलेल्याला तो आधी साधा वाटतो. खंदकाच्या कडेनं थोडं चाललं, की सपाटीवरचा किल्ला लढवायचा तर काय काय करावं लागत असेल हे लक्षात येतं. १८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरीस जनरल मन्रोच्या फौजेनं वेढा घातला, तेव्हा हा किल्ला २१ दिवस झुंजला आणि मगच इंग्रजांच्या हाती गेला.

कमल बस्ती आतच आहे. १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं हे जैन मंदिर उभारलं. काळसर दगड, कातावर धरल्यासारखे गोल, गुळगुळीत खांब आणि मंडपात अंधारा गारवा. डोळे सरावायला मिनिटभर लागतं. मग मान वर करावी. छताच्या मधोमध दगडाचं कमळ उलटं लोंबतं आहे. पाकळ्या ७२, आणि त्यांवर तीर्थंकर: भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस. एकेका पाकळीवर नजर स्थिर केली की कारागिरानं हे काम उलट्या अंगानं कसं मनात धरलं असेल, याचं नवल वाटत राहतं. गाभाऱ्यात नेमिनाथांची मूर्ती आहे. दर्शनाला आलेली मंडळी पाच मिनिटांत बाहेर पडतात. कमळासाठी निदान अर्धा तास काढायला हवा. खाली बसून, भिंतीला टेकून पाहिलं तर मानही दुखत नाही.

या बस्तीशी निगडित शिलालेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बंदराच्या दृष्टीनं ते फार मोलाचे. वेणुग्रामच्या, म्हणजे तेव्हाच्या बेळगावच्या, व्यापाऱ्यांनी बस्तीसाठी आपल्या मालावर कर लावून घेतल्याची नोंद त्यांत आहे आणि त्या व्यापाऱ्यांत लाट म्हणजे गुजरातकडचे आणि मलयाळ म्हणजे केरळकडचे लोक आहेत. आठशे वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या या गावात पश्चिम किनाऱ्याच्या दोन्ही टोकांचे व्यापारी दुकान मांडून बसले होते. ते आले कशासाठी? किनाऱ्याचा माल पठारावर चढवायचा आणि पठाराचा माल किनाऱ्याला उतरवायचा, तर सांधा इथेच होता. बेळगावात पुढे जे जे घडलं त्याचा धागा या सांध्याला जाऊन मिळतो.

लढायाही त्याच सांध्यासाठी झाल्या. बहमनी वझीर महमूद गवान यानं १४७२ मध्ये गोवा घेतलं. गोव्याचं बंदर म्हणजे अरबी घोड्यांचं बंदर. ज्याच्या हाती ते, त्याच्या हाती दख्खनचं घोडदळ. बेळगावच्या राजानं विजयनगरच्या बाजूनं गोवा परत मिळवायचा प्रयत्न केला, आणि बहमनी फौज बेळगाववर चालून आली. या वेढ्यात तटाखाली सुरुंग पेरून दारू उडवली गेली. दख्खनमध्ये वेढ्याच्या युद्धात दारूगोळा वापरल्याचा हा फार आधीचा दाखला म्हणून इतिहासकार सांगतात. बंदर शंभराहून अधिक किलोमीटर लांब, पण त्यापायी तट कोसळला तो इथला.

बस्तीपासून थोड्याच अंतरावर सफा मशीद आहे. आदिलशाहीचा सरदार असदखान लारी बेळगावचा सुभेदार होता. १५१९ ची ही मशीद त्याची. आतले खांब जुन्या मंदिरांचे आहेत आणि त्यांतल्या दोहोंवर रट्ट आणि यादव काळातले लेख कोरलेले आहेत. त्याच किल्ल्यात रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले. आधी ते वकील सदाशिवराव भाटे यांच्या रिसालदार गल्लीतल्या घरी उतरले, नंतर वनअधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे किल्ल्यात राहिले. शिकागोच्या परिषदेला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं आणि त्यांना ओळखणारं जगात फारसं कुणी नव्हतं. एका किल्ल्याच्या पोटात जैन बस्ती, मशीद, वेदान्ताचा आश्रम आणि दाराशी दुर्गामातेचं देऊळ, हे सगळं दीड-दोन तासांच्या चालण्यात येतं. बेळगाव पाहायला एकच सकाळ हाताशी असेल तर ती इथेच घालवावी.

किल्ल्यातून पश्चिमेला शहरात शिरलं की बाजार सुरू होतो. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, पांगुळ गल्ली, नार्वेकर गल्ली, समादेवी गल्ली, रामलिंगखिंड गल्ली. चार रस्ते मिळतात त्या ठिकाणाला इथे खूट म्हणतात. शनिवार खूट, कांबळी खूट. नकाशावर डोळे लावून चालण्यापेक्षा विचारत चालावं हे बरं. कोपऱ्यावर गजरे विकणाऱ्या मावशींना मराठीत विचारलं तर मराठीत उत्तर येतं, कन्नडमध्ये विचारलं तर कन्नडमध्ये, आणि उर्दूत विचारलं तर त्या त्यातही अडत नाहीत. “सरळ जावा, मग डावीकडं वळा की,” हे इथलं मराठी. पुण्याकडच्या कानाला हा ‘की’ आधी खटकतो. दोन गल्ल्या पार होईपर्यंत तो आवडू लागतो.

दुकानांच्या पाट्यांवर कन्नड ठळक दिसेल. पाटीची साठ टक्के जागा कन्नडला, असा कर्नाटकचा कायदा आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नावही बेळगावी झालं. गल्लीतलं बोलणं मात्र पाटीच्या हिशेबानं चालत नाही. मालक मराठी, कामगार कन्नड, गिऱ्हाईक उर्दू बोलणारं आणि भाव तिघांच्या भाषेत, असं एकाच काउंटरवर रोज चालतं. सीमाप्रश्न खोटा आहे असं याचा अर्थ कुणी काढू नये. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठी भाग कर्नाटकात गेल्याचं दुःख इथल्या घराघरांत आहे. १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारात प्राण गमावलेल्यांच्या स्मृतीचा हुतात्मा चौक भर वस्तीत आहे, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण भांडण भाषांचं आहे असं बाहेरून वाटतं, आणि गल्लीत उभं राहिलं की भाषा एकमेकींशेजारी सुखानं राहताना दिसतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही बघायला पायीच यावं लागतं.

बाजाराच्या या नावांत समुद्र पुन्हा पुन्हा डोकावतो. नार्व्याचे ते नार्वेकर. समादेवी हे वैश्यवाणी समाजाचं दैवत. कोकण-गोव्याकडून घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांचा हा समाज. आजही व्यापाराची दिशा फारशी बदललेली नाही, फक्त माल बदलला. गोव्याच्या बाजारात विकली जाणारी भाजी मोठ्या प्रमाणावर बेळगावहून जाते. पहाटे टेम्पो चोर्ला घाटानं उतरतात आणि घाट काही कारणानं बंद झाला की पणजीत भाजीचे भाव चढतात.

गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं त्याच्याही आधी नऊ वर्षं या गावानं वाचायला जागा केली होती. मराठी साहित्य संमेलनाशीही बेळगावचं नातं जुनं. १९२९ मध्ये शिवराम महादेव परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली इथे संमेलन झालं. १९४६ चं संमेलन तर महाराष्ट्राच्या इतिहासातच जाऊन बसलं. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला संघटित रूप आलं ते याच संमेलनात. ज्या शहरातून ती मागणी उठली ते शहरच पुढे त्या राज्याबाहेर राहिलं. २००० साली य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन पुन्हा बेळगावला आलं.

बाजारातून निघणाऱ्या एका रस्त्याचं नाव किर्लोस्कर रोड. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, त्यातून हळूहळू कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना गेला आणि किर्लोस्करवाडी वसली. महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाची सुरुवात शोधत निघालेला माणूस या रस्त्यावर येऊन उभा राहतो. शहराच्या दक्षिणेला उद्यमबागेत आज फौंड्र्या आहेत, क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग बनतात. नांगरापासून तिथपर्यंतची कारागिरी याच मातीत मुरली.

भूक लागली की थांबायला कारण हवंच असेल, तर मांडे. कुंदा सगळ्यांना माहीत आहे. दूध आणि साखर आटवून, परतून, रंग तांबूस आणि पोत रवाळ होईपर्यंत धीर धरायचा, हे त्याचं तंत्र. मांडे करताना बघणं त्याहून देखणं. भिजवून मळून तिंबलेल्या कणकेची पारी हातावर घ्यायची, मनगटावरून कोपरापर्यंत झेलत झेलत ती वाढवायची, आणि पलीकडचं दिसेल इतकी पातळ झाली की चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर टाकायची. भाजायला क्षणभरच मिळतो. गरम असतानाच आत पिठीसाखर, तूप, खवा पसरून चौकोनी घडी घालायची. थंड झाली की ती मोडते, वळत नाही. लग्नाच्या रुखवतात मांडे नसले तर बेळगावकडच्या जुन्या बायकांना चुकल्यासारखं वाटतं. बांधून घेता येतात, पण प्रवासात चुरा होतो. म्हणून जागेवर खावेत.

बोगारवेशीपासून, म्हणजे धर्मवीर संभाजी चौकापासून, पलीकडे गेलं की शहराचा चेहरा एकदम बदलतो. गल्ल्या संपतात, सरळ रस्ते सुरू होतात, झाडं मोठी होतात. हा कॅम्प. किल्ला घेतल्यानंतर इंग्रजांनी छावणीसाठी ही जागा निवडली. थंड, पावसाळी आणि बंदराशी जोडलेली. छावणीमुळे गोव्याकडची ख्रिस्ती कुटुंबं आली, शाळा आल्या, चर्चं आली. सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ चं, सेंट मेरीज चर्च १८६० च्या दशकातलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून इथे आहे. रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ मध्ये उभी राहिली. खेड्यापाड्यांतली मराठी पोरं या मैदानांवर शिपाई होऊन बाहेर पडतात. सकाळी लवकर निघालं तर कवायतीचे आवाज रस्त्यापर्यंत येतात. एवढं मात्र ध्यानात ठेवावं: लष्करी हद्दीत फोटो काढू नयेत आणि पाटी दिसली की तिथूनच मागे फिरावं.

रेल्वे आली ती १८८० च्या दशकात. सदर्न मराठा रेल्वे बेळगावपर्यंत पोहोचली आणि त्याच सुमारास लोंढ्याहून कॅसलरॉक, दूधसागर करत मुरगाव बंदरापर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला. बेळगावचं बंदर एका झटक्यात बदललं. बैलगाड्यांचे तांडे घाटातून येईनासे झाले, वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला आणि मुरगावचा वाढला. त्याची खूण पाहायची तर रेल्वेरुळाच्या दोन्ही अंगांना चालावं. या रुळानंच आजच्या बेळगावचे दोन भाग पाडले आहेत. टिळकवाडीत तर माणसं पत्ता सांगतात तोच रेल्वे गेटाच्या आकड्यानं. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट.

रुळाच्या अलीकडे कपिलेश्वराचं देऊळ आणि त्याचं तळं; उड्डाणपूल ओलांडला की शहापूर. आज हा एकाच महापालिकेतला एक भाग वाटतो. १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं. बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर पटवर्धनांचं. दोन राज्यं, दोन कायदे, मध्ये थोडीशी वाट. विणकर आणि सराफ यांच्या जोरावर शहापूर गाजलं. शहापुरी लुगडं बाहेरगावी मागून नेलं जायचं. वडगाव, खासबागच्या गल्ल्यांत दुपारी शिरलं तर दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांची खडखड ऐकू येते. हातमाग गेले, यंत्रमाग आले. दार उघडं असेल आणि नम्रपणे विचारलं तर माणसं आत बोलावतात, ताणा दाखवतात. सूत महागल्याचं आणि साडीला भाव नसल्याचंही तितक्याच मोकळेपणानं सांगतात. ऐकून घ्यावं, आणि जमलं तर साडी तिथेच घ्यावी.

शहापुरातल्या चौकाला बॅरिस्टर नाथ पै यांचं नाव आहे. जन्म वेंगुर्ल्याचा, १९२२ चा. शिक्षणासाठी बेळगाव. खासदार राजापूरचे. १७ जानेवारी १९७१ ला बेळगावातल्या हुतात्मा दिनाच्या सभेत ते बोलले आणि त्यानंतर काही तासांतच, १८ जानेवारीला, हृदयविकारानं याच शहरात गेले. वय अवघं ४८. बंदर आणि पेठ यांचं नातं मालापुरतं नव्हतं. घाट चढून माणसंही आली आणि पेठेची झाली.

टिळकवाडीत काँग्रेस रोड आहे आणि त्याच्याकडेला वीरसौध. डिसेंबर १९२४ मध्ये इथल्या मोकळ्या माळावर ‘विजयनगर’ नावाची तात्पुरती नगरी उभी राहिली आणि काँग्रेसचं ३९ वं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी आयुष्यात एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हे. हजारो माणसांना पाणी पुरावं म्हणून खणलेली विहीर अजून आहे. काँग्रेस विहीर असंच तिला म्हणतात. गांधीजींसाठी बांधलेल्या झोपडीवर साडेतीनशे रुपये खर्च झाले आणि तेवढाही खर्च त्यांना जास्त वाटला. स्वागताचं गाणं म्हणणाऱ्या मुलींत लहानगी गंगूबाई हनगल होती. स्वागताध्यक्ष हुदलीचे गंगाधरराव देशपांडे. त्यांना कर्नाटकसिंह म्हणत, आणि त्यांनी आपलं आत्मचरित्र मराठीत लिहिलं. भाषेच्या नावानं माणसांची वाटणी करणाऱ्यांनी विहिरीच्या काठावर बसून एवढ्या एका गोष्टीचा विचार करावा.

त्याच वर्षी बेळगावजवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले. पुढे राणी पार्वतीदेवी कॉलेजात पु. ल. देशपांडे शिकवायला होते आणि त्यांच्या ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रात बेळगावी मराठी सगळ्या महाराष्ट्रानं ऐकली. इंदिरा संतांचं आयुष्य याच शहरात गेलं. प्रकाश नारायण संतांचा लंपन ज्या गावातून धावतो त्याच्या बोलण्यात कन्नडचा वास आहे; ते वाचून आलेल्या माणसाला इथल्या शाळांच्या भिंती, रुळाकडेची वाट, देवळाचं पटांगण आधीच ओळखीचं वाटतं. लंपनच्या गोष्टी पुन्हा एकदा चाळून मग बेळगावला यावं, ही शिफारस मनापासूनची आहे.

बेळगावहून कोल्हापूरकडे परतताना ऐंशीएक किलोमीटरवर निपाणी लागते. तवंदीचा घाट उतरायचा, आणि गाव समोर. तवंदी हे इंदिरा संतांचं गाव. घाटाजवळच स्तवनिधी हे जैनांचं क्षेत्र आहे. निपाणी पायी पाहायला एक दुपार पुरते. मोसमात वखारींच्या बाजूनं गेलं की तंबाखूचा तिखट वास नाकात शिरतो. बिडीच्या तंबाखूवर हे गाव उभं राहिलं आणि बिड्या वळणाऱ्या हजारो बायकांच्या बोटांवर. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर महामार्ग अडवला, रस्त्यावरच मुक्काम ठोकला. तीन आठवड्यांहून जास्त काळ ते हटले नाहीत आणि अखेर ६ एप्रिलला पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्याआधी, १९२५ च्या एप्रिलमध्ये, बहिष्कृतांच्या मुंबई इलाखा परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर निपाणीत आले होते.

निपाणीतून चालत चालत राज्याची सीमा ओलांडता येते. देवचंद कॉलेज निपाणीचं म्हणून ओळखलं जातं, गावातली पोरं तिथेच शिकतात. कॉलेजचं गाव मात्र अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. घर कर्नाटकात आणि वर्ग महाराष्ट्रात, अशा दोन-तीन पिढ्या शिकून बाहेर पडल्या. सीमा म्हणजे काय हे नकाशापेक्षा या कॉलेजच्या फाटकावर सकाळी दहा वाजता जास्त नीट कळतं.

हिंडायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. जून ते सप्टेंबर पाऊस मोकळा सोडत नाही. किल्ला आणि बाजार एका दिवशी; कॅम्प, टिळकवाडी आणि शहापूर दुसऱ्या दिवशी. पायात जुने, सरावलेले बूट घालावेत. बस्तीत आणि मशिदीत प्रार्थनेच्या वेळा सांभाळाव्यात. शैव, वैष्णव, जैन, मुसलमान आणि ख्रिस्ती अशी सगळी ठिकाणं एकाच वाटेवर आहेत, म्हणून कपडेही त्या बेतानं घालावेत. पुण्याहून, हुबळीहून आणि गोव्याहून रेल्वे आहे, कोल्हापूरहून दिवसभर एसटी आणि कर्नाटकच्या बसही आहेत.

बेळगावची महापालिका, छावणी परिषद आणि इथल्या शाळा-कॉलेजांनी मनावर घेतलं, तर किल्ल्यापासून काँग्रेस विहिरीपर्यंत एक खुणेची वाट आखता येईल. कन्नड, मराठी आणि उर्दू, तिन्ही भाषांत चार-चार ओळींच्या पाट्या लावल्या तरी पुरे. खर्च फार येणार नाही. पाट्या होईपर्यंत थांबू मात्र नका. पुढच्या वेळी गोव्याला निघाल की बेळगावात दोन दिवस मुक्काम ठेवा, गाडी उभी करा आणि काकतीवेशीतून आत शिरा.